श्रीनं सुरू होणाऱ्या फायली

मदतीच्या पानावरचं एक वाक्य काढून टाका, असं मला आतापर्यंत चारदा सांगून झालं आहे. सांगणारा माणूस सभ्य आहे. पुण्याकडचा असावा, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. आम्ही दोघं मिळून एका फुकट मिळणाऱ्या टेक्स्ट एडिटरची, म्हणजे नुसता मजकूर लिहायच्या प्रोग्रामची, मराठी मदतपानं तयार करतो. मी लिहिते, तो तपासतो. माझ्या बाकीच्या लिखाणावर त्याची फारशी तक्रार नसते. या एका वाक्यापाशी मात्र त्याची गाडी दर वेळी अडते: 'यंत्र थांबले तर चूक तुमची नाही. एकाच नावाने सुरू होणारे पुष्कळ आहेत.'

तो म्हणतो, ही माहिती नाही, हा धीर आहे. मदतपानात माहिती द्यायची असते.

म्हणणं खोटं नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते, तिथं असलं वाक्य मीच दुसऱ्याच्या कागदावरून खोडलं असतं. पण हे वाक्य माझं नाही. ते ज्यांचं आहे त्यांना विचारायची सोय उरलेली नाही, आणि मी हट्टी आहे.

ते पान 'नाव आपोआप पूर्ण करणे' या विषयावर आहे. हुकूम द्यायचा असेल किंवा फाईल उघडायची असेल तर पूर्ण नाव लिहायची गरज नसते. पहिली दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅबचं बटण दाबायचं. उरलेलं नाव एडिटर लिहितो. एवढीच गोष्ट आहे. हात चालणाऱ्या माणसाला ती चैन वाटते. हात न चालणाऱ्या माणसाला ती काय वाटते, हे मी पारनेरच्या एका छापखान्यात पाहिलं.

बारावीनंतर संगणकाचा कोर्स करून मी त्या छापखान्यात लागले. बाजारपेठेच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं मालकाचं टेबल, मागं यंत्रं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल, दहाव्याची पत्रकं असं आमचं काम. मागच्या खोलीत एका कोपऱ्यात शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे जुन्या छपाईतल्या सुट्या अक्षरांचे, लाकडी कप्पे अजून होते. त्यांचा उपयोग संपला होता, पण ते उचलायचं नाव कुणी काढत नव्हतं, कारण ते मामांचे होते.

मामा म्हणजे छापखान्याचे जुने कंपोझिटर. आयुष्यभर एकेक खिळा उचलून त्यांनी मजकूर जुळवला होता. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. मालकापासून कागद आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मी आले तेव्हा ते प्रुफं तपासायचे. त्यांच्या पेन्सिलीची मला दहशत होती. मी हौसेनं केलेली पत्रिका त्यांच्यापुढं ठेवली की ते चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "बाई, नवरीचा मामा खाऊन टाकला का तुमी?" आणि खरंच निमंत्रकांच्या यादीतला एक मामा गायब असायचा.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पायही सावरला, पण उजव्या हाताची बोटं मंद झाली. पेन्सिल धरली की कापायची. दोन महिन्यांनी ते छापखान्यात परत आले आणि आपल्या स्टुलावर बसले. मालक वाईट माणूस नव्हता. पण प्रुफावरच्या खुणा आता कुणालाच वाचता येत नव्हत्या. एक दिवस चहा पिताना त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काँप्युटरवर मजकूर टाईप करता आला तर बरं. लगीनसराईपर्यंत बघू. न्हाई जमलं तर मामांनी घरी आराम करावा."

हे त्यानं हळू सांगितलं, तरी मामांनी ऐकलं. मालक गेल्यावर ते मला म्हणाले, "घरी बसलो की मी संपलो, बाई. शिकवा मला काय ते."

एक जुना संगणक अडगळीत पडला होता. पत्रिका सजवायचे मोठे प्रोग्राम त्यावर चालत नसत. मी त्यावर हा टेक्स्ट एडिटर घातला. मामांनी मजकूर टाईप करायचा, मी तो माझ्याकडं घेऊन सजवायचा, अशी वाटणी ठरली. जुन्या पत्रिकांचा मजकूरही मी सगळा, मामा सांगतील त्या नावांनी, त्यातच भरला, कारण आमच्या धंद्यात नवं असं फार कमी असतं. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका उघडायची, नावं आणि तारीख बदलायची, धाकट्याची पत्रिका तयार.

अडचण बोटांची होती. एका अक्षराला मामांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात माझं वाक्य होऊन जायचं. शिवाय एडिटरचे हुकूम इंग्रजीत. मामांना इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, त्यापुढं त्यांची शाळा गेली नव्हती. तेव्हा मला टॅब आठवला. मी त्यांना सांगितलं, सेव्ह म्हणायचं असेल तर एस आणि ए, बस, पुढं टॅब. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं दोन अक्षरं शोधून दाबली, मग टॅब दाबला, आणि पडद्यावर आख्खा शब्द उभा राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. परत पुसून परत दाबला. सात-आठ वेळा तेच केलं. "लई शाना हाय हा," ते म्हणाले, "अर्ध्यात वळखतो." मला इतका आनंद झाला की मी मालकाला हाक मारून दाखवायला बोलावलं.

मामा तोंडी शिकवण्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. "कागदावर द्या," ते म्हणाले. "बोललेलं सांडून जातं." मी दोनशे पानी वही घेतली आणि एकेका पानावर एकेक गोष्ट लिहून द्यायला लागले. आज मी ज्याला कारखान्यात भारदस्त नावानं डॉक्युमेंटेशन म्हणते, त्याची सुरुवात त्या वहीत झाली. टॅबच्या पानावर मी ठसठशीत लिहिलं: 'नावाची पहिली दोन अक्षरे लिहा. टॅब दाबा. पुढचे यंत्र लिहील.' खाली दोन रेघा मारल्या. मला ते पान फार सुंदर जमलंय असं वाटलं होतं. वय वीस होतं, त्या वयात सगळंच आपलं सुंदर जमलेलं असतं.

त्याच आठवड्यात मला परीक्षेसाठी नगरला जावं लागलं. चार दिवसांनी परत आले तर मामांचं स्टूल रिकामं. मालक म्हणाला, "तीन दिवस झाले, आले न्हाईत. फोन केला तर मामी म्हणते, बरं वाटत न्हाई." वही टेबलावर नव्हती. ती मामा घरी घेऊन गेले होते.

मी स्कूटी काढली आणि त्यांच्या वस्तीवर गेले. पारनेरच्या बाहेर, माळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर. मामा दारातल्या बाजेवर बसले होते. तब्येत ठणठणीत दिसत होती. वही शेजारी होती. मामींनी चहा टाकला आणि आतूनच म्हणाल्या, "इचारा तुमीच काय झालंय ते. मला तर सांगत न्हाईत. जेवन बी धड न्हाई."

मामांनी शेजारची वही पालथी केली. मग म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र मला वळखून चुकलंय."

"म्हणजे?"

"तुमी लिहिलं तसंच केलं. दोन अक्षरं, मग टॅब. लग्नाची पत्रिका मागितली, नुसतं टुंग करून गप. वास्तुशांतीची मागितली, टुंग. बारशाची, टुंग. दिवसभर टुंग टुंग. मालक पुढं बसून ऐकत हुता." ते थांबले. "आन मौतीचं पत्रक मागितलं की लगेच देतं. एक अक्षर लिहिलं तरी देतं. सगळी मौतीची पत्रकं बिनचूक. माझ्या हातनं त्याला तेवढंच काम घ्यायचं हाय. मी काय समजायचं ते समजलो."

मी हसले. आज लिहितानाही त्या हसण्याची लाज वाटते. मला वाटलं होतं काहीतरी गंभीर झालंय, आणि हे तर एक साधं कोडं निघालं, म्हणून मोकळेपणानं हसले. मामांनी वही उचलून माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हसायची थांबले.

कोडं मला सुटलं होतं, कारण मामांची फायलींना नावं द्यायची पद्धत मी पाहिली होती. खिळ्यांच्या काळात जुळवलेला मजकूर दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवायचा आणि वर चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर त्या कागदाची पहिली ओळ. मामांनी फायलींनाही तीच शिस्त लावली. आता आमच्याकडं शुभकार्याचा कुठलाही कागद श्रीशिवाय सुरू होत नाही. त्यामुळं झाडून सगळ्या फायलींची नावं श्रीनं सुरू झालेली: श्री अमुक लग्नपत्रिका, श्री तमुक वास्तुशांत. मुसलमान घरांच्या शादीच्या पत्रिकेवर सातशे शहाऐंशी असतं, तर त्या फायली ७८६ नं सुरू. फक्त मयताच्या कागदावर श्री घालत नाहीत. तिथं पहिल्या ओळीत गेलेल्या माणसाचं नाव येतं, आणि अशा फायली मोजक्याच, प्रत्येक गेलेल्या माणसाचं नाव वेगळं. म्हणून यंत्र तेवढीच ओळखत होतं. बाकी शेकडो फायलींनी एकदम 'श्री' म्हटल्यावर त्यानं कुणाला ओ द्यायची?

हे यंत्राचं वागणं अगदी बरोबर होतं. मामांचंही बरोबर होतं. चुकलं होतं माझं पान. सारखी सुरुवात असली की यंत्र थांबतं, पुन्हा टॅब दाबला की यादी दाखवतं, पुढचं एखादं अक्षर जास्त दिलं की सुटतं, यातलं एक अक्षरही मी लिहिलं नव्हतं. आणि ते वाचून एक माणूस तीन दिवस घरात बसून आपण मेल्यातच जमा आहोत असं समजत होता.

मी बाजेवर बसून त्यांना हे सगळं सांगितलं. माफीही मागितली, पण ती पुटपुटत, माफी मागायची मला सवय नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला दिसला. मग मी घाई केली. मी म्हणाले, "सोपं आहे मामा. नावातला श्री काढून टाकू."

"न्हाई."

"पत्रिकेवरचा नाही हो, नुसता फाईलच्या नावातला. तो कुणाला दिसतोय?"

"मला दिसतोय," मामा म्हणाले. "श्री घातल्याबिगर मी शुभाच्या कागदाला हात लावलेला न्हाई. आता हात गेला म्हणून श्री सोडू का?"

माझं डोकं तापलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस नोकरी घालवायला निघालाय, असं मी मामींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालेही. मामींनी कपबशी बाजेवर ठेवली. चहा गार होत होता. मामा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळत बसले होते.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "बाई, खिळे हुते तवा श्री मी दर वेळी जुळवायचो का?"

मला काय माहीत? मी खिळ्यांचा काळ कप्प्यांपुरताच पाहिला होता.

"न्हाई. श्रीचा ठसा चौकटीत वर बांधूनच ठेवलेला असायचा. तो हालत नव्हता. खालचा मजकूर तेवढा बदलायचा. तसं करा की. श्री वर एकदाच बांधा, आन बाकीच्यांना त्याच्या पोटात घाला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. कोर्स मी केला होता, सर्टिफिकेट माझ्याकडं होतं, आणि फोल्डर करायचं त्यांना सुचलं. 'श्री' नावाचा एक फोल्डर, '७८६' नावाचा एक, आणि आत फायली आपापल्या नावानं. मामांनी त्याला फोल्डर म्हटलं नाही एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात आले. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या फायली हलवल्या. मी नावातला श्री पुसायचे आणि मामा शेजारी बसून, ती फाईल श्रीच्या पोटात गेली की नाही, एकेक तपासायचे. मयताची पत्रकं बाहेर राहिली. मग मी उठून उभी राहिले आणि मामांनी 'श्री' उघडून दोन अक्षरं लिहिली. टॅब. पत्रिका आली. दुसरी. आली. तिसऱ्या वेळी दोन भावांच्या पत्रिका सारख्या नावाच्या निघाल्या आणि यंत्र टुंग वाजून थांबलं. मी पुढं झाले. मामांनी मला हातानं मागं सारलं, पुन्हा टॅब दाबला, यादी वाचली, एक अक्षर वाढवलं, टॅब. आली. पुढच्या टेबलावरून मालकानं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. लगीनसराईची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

संध्याकाळी मी वहीतलं ते पान नव्यानं लिहिलं आणि मामांना प्रुफाला दिलं. या वेळी मुद्दाम दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाले, "बाई, एक ओळ सुटली." पेन्सिल त्यांनी उजव्या हातात घेतली. डाव्या हातानं मनगट धरलं. समासात ती ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण गल्लीतली दुकानं आवरायला लागली होती. अक्षर वेडंवाकडं होतं. यंत्र थांबले तर चूक तुमची नाही. एकाच नावाने सुरू होणारे पुष्कळ आहेत.

पुढं मामांनी काही वर्षं काम केलं. मी सुप्याला लागले, तरी आठवडे बाजाराच्या दिवशी पारनेरला गेले की छापखान्यात डोकावायचे. ते स्टुलावर बसलेले असायचे, डाव्या हाताचं एक बोट टॅबवर. मला बघून म्हणायचे, "या साहेब. कारखान्यात किती मामा खाल्ले?"

मागच्या वर्षी मालकाचा फोन आला. मामा झोपेतच गेले. तो म्हणाला, "पत्रक तूच कर. दुसऱ्या कुणाला सांगायचं जिवावर येतंय." मी रजा टाकून गेले. जुना संगणक तसाच होता, टॅबच्या बटणावरची खूण झिजून गेलेली. मालक मागं उभा होता.

नवीन फाईल करायची होती. श्रीच्या बाहेर, मयताच्या कागदांत. मी मामांच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली आणि बोटाच्या सवयीनं टॅब दाबला. नवीन फाईलला टॅब दाबायचा नसतो, हे मला दुसऱ्या क्षणी कळलं. पण यंत्र टुंग वाजलं नाही. पडद्यावर मामांचं पूर्ण नाव उभं राहिलं.

याचा अर्थ मीच त्या पानावर लिहिला आहे. या नावाची फाईल आधीच आहे, आणि ती एकच आहे.

मी ती उघडली. पहिल्या ओळीत नाव, खाली 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' पासून सगळा मजकूर होता. वर श्री नव्हता. तारखेची आणि वेळेची जागा मोकळी. दशक्रियेचं ठिकाण लिहिलेलं. मी प्रुफ वाचतात तसं एकेक अक्षर वाचलं, चूक सापडावी म्हणून वाचलं, पण सगळ्या काना-मात्रा जागच्या जागी होत्या. एका बोटानं केलेलं ते सगळं काम होतं, आणि त्यासाठी त्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती.

शेवटी दुःखांकितांची यादी होती. पत्नी म्हणून मामींचं नाव. मुलंबाळं त्यांना नव्हती. त्याखाली लिहिलं होतं, भाची, आणि पुढं माझं नाव.

मी रडले, मालकासमोर, मोठ्यानं. मग डोळे पुसून तारीख आणि वेळ भरली, आणि फाईल सेव्ह केली.

पुण्याकडच्या माणसाला मी हे काहीच कळवलेलं नाही. काल त्याची चौथी सूचना आली. मी उत्तर पाठवलं, वाक्य राहू द्या, ते माझ्या मामांचं आहे.